मनगटं मोजणारी बाई

टेबल-खुर्च्या कामाला नीट बसतात का ते तपासायला आलेली टॅम्सिन नावाची ती पोरगी ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅटच्या पाणीबिलांच्या ऑफिसात हसत हसत शिरली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हातात मोजपट्टी, काखेत चित्रविचित्र कीबोर्ड, आणि वर सकाळच्या चहाला स्वतः केलेले लॅमिंग्टन!

"ग्लेनिस, फुकटचा केक आणणारी माणसं काहीतरी न्यायलाच येतात गं," शेजारची रेलीन कुजबुजली. "माणसं कमी करणार आहेत म्हणे. कुणाचे हात गेलेत ते हेरायला धाडलंय हिला."

मला ते सोळा आणे पटलं. माझी थोरली बहीण लॉर्ना ऐंशीच्या दशकात टायपिस्ट होती. टाइप करून करून तिची मनगटं कामातून गेली, तेव्हा त्या दुखण्याला लोक 'कांगारूचा पंजा' म्हणून खिदळायचे. तिने भरपाई मागितली, तर कंपनीच्या माणसाने गाडीत बसून ती चादरी वाळत घालताना फोटो काढले आणि तिला खोटी पाडली. तेव्हापासून ऑफिसात कुणी आपुलकीने तब्येत विचारली की मला घाम फुटतो.

आणि माझा उजवा हात तर अंगठ्यापासून कोपरापर्यंत ठणकत होता. घरून निघताना मी मनगटाला पट्टा बांधायचे आणि ऑफिसपाशी गाडी लावली की काढून ठेवायचे.

टॅम्सिनने माझ्या कोपराची उंची मोजली. "टेबल उंच पडतंय तुम्हाला. मनगट वर मुडपतंय बघा. आणि माउस इतका लांब कशाला? कीबोर्डला चिकटून ठेवा. हा उभा माउस धरून बघा, कुणाशी हात मिळवल्यासारखा."

धरला. मनगट सरळ झालं आणि इतकं बरं वाटलं की रडू येईल असं झालं. मी तो पटकन खाली ठेवला. टेबलावर असला माउस म्हणजे कपाळावर शिक्काच की!

"कुठे दुखतं का? मुंग्या येतात?"

"छे! ठणठणीत आहेत हात. मला आपला जुनाच बरा."

"नक्की ना?"

"सांगितलं ना बाई!"

तिने माझ्या मनगटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी बाही खाली ओढली.

काही दिवसांनी रेलीनच्या टेबलावर उभा माउस आणि मधून दुभंगलेला कीबोर्ड आला.

"तू सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"मग? दुखतंय तर सांगायला नको?" रेलीन म्हणाली. "अगं, तू नाही सांगितलंस?"

तिला खाऊ की गिळू असं झालं मला. माणसं कमी झाली ती वरच्या मजल्यावरची. तीही साहेब लोक.

जुलैच्या थंडीत माझ्या हातातून चहाचा मग सुटला. डॉक्टरीण म्हणाली, ऑपरेशनच करावं लागेल. मी भरपाईचा अर्ज घेऊन आमच्या मॅनेजरकडे, केरॉडकडे गेले. तो पोरगा वाईट नाही. त्याने मला आधी बसायला खुर्ची दिली.

"पण ग्लेनिस, तूच टॅम्सिनला म्हणालीस ना, हात ठणठणीत आहेत म्हणून? मग हे ऑफिसात कसं झालं? घरी काय करतेस? विणकाम? बागकाम?"

"तेव्हाही दुखत होतं रे."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललीस?"

मी नुसतीच बाही खाली ओढली. काहीही म्हटलं असतं तरी तेव्हा नाहीतर आता, एकदा खोटी ठरणारच होते. केरॉड संशयाने माझ्या हाताकडे बघत होता. त्याचा संशय रास्त होता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.