पहिल्या तोड्याचे रोडगे

गावासमोर पैनगंगेच्या पात्रात एक बेट आहे. तिथली तीन एकर जमीन महिपतच्या नावावर असून, पुराचे पाणी ओसरले की तो तिथे वांगी लावतो. यंदा सरकारच्या पर्यटन धोरणात बेटाचे नाव आले. परदेशी गुंतवणुकीतून तिथे विश्रामगृह उभे राहणार होते आणि त्यासाठी महिपतने जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी, अशी पर्यटन खात्याची इच्छा होती. नाही म्हणण्याची मोकळीक त्याला होती. त्याची सून सुवर्णा मात्र होकाराची वाट पाहत होती, कारण विश्रामगृहाचे स्वयंपाकघर गावातल्या बायकांच्या गटाला मिळणार होते आणि गट तिनेच उभा केला होता.

करार घेऊन अधिकारी येणार, त्याच दिवशी महिपतने वांग्यांचा पहिला तोडा, म्हणजे हंगामातली पहिली तोडणी, धरला. पहिल्या तोड्याची वांगी त्या घरात कधी विकली जात नाहीत. बेटावरच चूल मांडून त्यांची भाजी करायची, गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायचे, नदीला नैवेद्य दाखवायचा आणि त्या वेळी बेटावर जो कोणी असेल त्याला जेवू घालायचे, अशी रीत.

"मामाजी, आजच काऊन? साहेब लोक येऊन राह्यले. धुरानं बेजार होतील."

"मंग नदीले सांगू का, उद्या ये म्हणून? तू कणीक जास्त मळ."

"सही तं करसान ना?"

"आधी जेवन. उपाशी मानसासंगं मी येवहार बोलत नाई."

दुपारी डोंग्यातून नदी ओलांडून अधिकारी बेटावर उतरले. त्यांच्यासोबत कंपनीची प्रतिनिधी होती, प्रियदर्शनी. ती मॉरिशसची, पूर्वज भारतातले. हिंदी तोडकीमोडकी बोलायची. अधिकाऱ्यांनी हॉटेलातून जेवणाचे डबे आणले होते. महिपतने ते हळूच बाजूला सरकवले आणि पोती अंथरली. प्रियदर्शनीने घाईने रोडगा फोडला आणि बोटे झटकली.

"फुकून खा, बाई. रोडगा हाय, बिस्कुट नोहे," महिपत म्हणाला. सुवर्णाने ते हिंदीत सांगितले, तेव्हा पाहुणी मोकळेपणाने हसली आणि तिने वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली.

हात धुऊन झाल्यावर महिपतने पाहुणीला विचारले, "तुमच्या गावात आलं व्हतं का असं धोरन?"

अधिकारी उत्तर देऊ लागले, पण सुवर्णाने प्रश्न हिंदीत सांगितल्यावर प्रियदर्शनीच बोलली. तिच्या गावच्या किनाऱ्यावर ती लहान असताना हॉटेल झाले. वडिलांना तिथे नोकरी मिळाली, त्या पगारावर ती शिकली. ते वाईट झाले असे ती म्हणणार नव्हती. फक्त, निवृत्त झालेले वडील हल्ली संध्याकाळी समुद्रावर जायला निघाले, की त्यांना पहारेकऱ्याला विचारावे लागते.

महिपतने उरलेले रोडगे फडक्यात बांधायला घेतले. सुवर्णाला वाटले, आता मामाजी नाहीच म्हणणार. ती पुढे झाली.

"साहेब, ही चुलीपासून पान्यापर्यंतची वाफ्यांची जागा करारातून काढा. अन् डोंग्याची वाट गावासाठी खुली ठेवा."

"तिथं पोहण्याचा तलाव आहे," अधिकारी नकाशा उघडत म्हणाले.

"चारी बाजूनं नदी असून?" महिपतला हसू आवरेना.

प्रियदर्शनीने नकाशा आपल्याकडे वळवला आणि तलावावर पेन्सिलने रेघ मारली. कंपनीची संमती आपण मागू, पण ती मिळेपर्यंत सही घेऊ नका, असे तिने अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितले. त्यांना ते रुचले नाही. वांगी मात्र त्यांनी घरी नेण्यासाठी पिशवीत घेतली.

होळीच्या आधी सुधारलेला करार आला. जागा वगळली होती आणि वाट खुली होती. सुवर्णाने तो दोनदा वाचून दाखवला, मग महिपतने सही केली.

"आता तुह्या सैपाकघरात मले वांगे विकता येतीन ना?" त्याने विचारले.

"ताजे असतीन तं घेऊ," सुवर्णा म्हणाली. "पन पहिला तोडा आमी मागनार नाई."

महिपतने मान डोलावली आणि पुढच्या हंगामाचे बी वगळलेल्या जागेतल्या कोणत्या वाफ्यात टाकायचे, ते पाहायला तो डोंग्याकडे निघाला.