मुद्दाम ठेवलेला अंधार

आमच्या ह्यांना कुठेही न्या, ते आधी वर बघतात. लग्नाला गेलो तर नवरानवरी राहतात बाजूला, ह्यांचं लक्ष छतातल्या झुंबराकडे. मागे दवाखान्यात डॉक्टर ह्यांची छाती तपासत होते, तर हे त्यांनाच म्हणाले, "तुमच्या ट्यूबचा चोक जायला आलाय हं." चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असतोच. झोपायच्या सदऱ्याला खिसा नाही म्हणून अजून कुरकुर करतात.

तेव्हा ह्यांना दिव्यांची वाट बघायला न्यायचं म्हणजे काय दिव्य असणार, ते मला पुरतं ठाऊक होतं. पण जाणं भाग होतं. ती वाट आमच्या लेकीने आखली होती.

लेकीला घरात आम्ही ठिणगी म्हणतो. नाव ह्यांनीच ठेवलंय, दुसरं कोण ठेवणार? पण ठिणगी वायरींच्या वाटेला गेली नाही. ती झाडांचं शिकली आणि गावातल्या वनस्पती उद्यानात वर्षभराच्या बोलीवर लागली. तिथे दर हिवाळ्यात संध्याकाळी झाडांवर दिवे लावतात, बारा थांबे करतात आणि लोक थंडीत नाकं लाल करून तासभर हिंडतात. यंदा ते काम तिच्याकडे आलं होतं. आज साडेसातला उद्यानाच्या संचालक बाई स्वतः सगळी वाट चालून बघणार होत्या आणि मग ठरणार होतं, ठिणगीला कायम ठेवायचं की आभार मानून निरोप द्यायचा. आठ दिवस पोरगी धड जेवली नव्हती.

"आई, तुम्ही दोघं या," तिने सकाळी फोनवर सांगितलं होतं. "पण बाबांना कशालाही हात लावू देऊ नकोस."

"मग काय हात बांधून आणू त्यांचे?"

"मफलरने बांध."

सात वाजता ती आम्हाला फाटकावरच भेटली. अंगात चमकणारं पिवळं जाकीट, हातात वॉकीटॉकी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. म्हणाली, "अकरावा थांबा नीट बघा. आत्ता काही सांगत नाही. मी बाईंना घेऊन मागून येतेच." आणि गेली पळत.

वाट सुरेख होती हो! माझी लेक आहे म्हणून सांगत नाही. खालून हिरवा उजेड टाकलेलं बांबूचं बेट, तळ्यातल्या पानांवर ठेवलेले मिणमिणते दिवे, नेच्यांच्या काचघरात नुसता निळा धूर. मी 'अगंबाई' म्हणत होते आणि हे वाकून वाकून वायरींचे जोड तपासत होते.

"वरही बघा जरा," मी म्हटलं.

"वर काय, वर सगळे बघतात. काम खाली असतं."

"आणि कसं आहे काम?"

"बरं आहे," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून 'बरं आहे' म्हणजे सोन्याचं पदक. मी लगेच मनात टिपून ठेवलं, ठिणगीला सांगायला.

दहाव्या थांब्यावर एक अवाढव्य जुनं झाड होतं, फांदीन् फांदी दिव्यांनी मढवलेली. डोळे दिपले अगदी. तिथून वाट डावीकडे वळली आणि पुढे काहीच नाही. मिट्ट काळोख. दोन्हीकडे झुडपं, मध्ये अरुंद वाट, एक बाक असावा असं वाटलं. आमच्या पुढे पाचपन्नास माणसं कोंडून उभी होती.

"दिवे गेले वाटतं."

"शेवटी शेवटी पैसे संपले असतील."

अकरावा थांबा! नेमका तोच, आणि बाई मागून येतायत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. सुट्टी मिळालेल्या पोरासारखा ह्यांचा चेहरा फुलला होता.

"फॉल्ट," हे म्हणाले.

आता खरं सांगायचं तर मी ह्यांना अडवायला हवं होतं. मफलर माझ्या गळ्यातच होता. पण मी काय म्हणाले? म्हणाले, "मग बघता काय नुसते? करा ना काहीतरी!"

ह्यांची एक जुनी सवय आहे. काम सुरू करण्याआधी कोट काढायचा आणि समोर जे दिसेल त्यावर अडकवायचा. लोकांच्या घरी टीव्हीवर, सायकलवर, एकदा तर डुलकी लागलेल्या आजोबांच्या खुर्चीवर आजोबांसकट. इथे वाटेच्या तोंडाशीच एक खांब हाताला लागला, त्यावर ह्यांनी कोट टाकला, बाकामागे गुडघे टेकले आणि चाचपडू लागले.

"अगं, प्लगच काढलेला आहे! वर टेप गुंडाळलीय कुणा शहाण्याने."

अर्ध्या मिनिटात खट् झालं आणि दोन्हीकडची झुडपं जांभळ्या-हिरव्या माळांनी लखलखली. लोक टाळ्या वाजवत पुढे निघाले. एका गृहस्थांनी तर ह्यांचा हात हातात घेऊन दाबला. हे गुडघे झटकत उठले आणि मला म्हणाले, "वाचवली पोरीची नोकरी." खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले. किती वर्षांनी मला ह्या माणसाचा अभिमान वाटला होता!

तेवढ्यात ठिणगी आली. बाईंना थोडं मागे सोडून ती पुढे पळत आली होती. वळणावर येऊन थबकलीच.

"हे कुणी लावलं?"

"मी," ह्यांनी छाती काढून सांगितलं.

ती जाऊन बाकावर बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तो अंधार मुद्दाम ठेवला होता. त्या गेल्या वर्षीच्या माळा आहेत."

"अंधार मुद्दाम ठेवतं का कुणी?"

"पाटीवर लिहिलंय ना!"

"कुठली पाटी?"

तिने उठून खांबावरचा कोट उचलला. खाली पाटी होती, काळोखात कुणालाच न दिसलेली. त्या जांभळ्या उजेडात मी वाचली: 'आईचा अंधार. मी लहान असताना घरातले दिवे गेले की आई डब्यांची झाकणं उघडून वास ओळखायला लावायची. इथे दोन्ही बाजूंना वासाची झाडं आहेत. डोळे मिटा. पान चुरगाळा. ओळखा.'

मी दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

आमच्या घराचे दिवे वरचेवर जायचे. हे कायम बाहेर. अख्ख्या वस्तीचे फ्यूज बांधून झाले की शेवटी आमचा नंबर. पाच वर्षांची ठिणगी अंधाराला इतकी घाबरायची, की रडायचीसुद्धा नाही, गप्पच व्हायची. मग मी म्हणायचे, "डोळे मीट बघू. आता हा अंधार तू केलास. आपण केलेल्याला कोण घाबरतं?" आणि एकेक डबा तिच्या नाकाशी धरायचे. लवंग, कॉफी, जिरं, साबण. ओळखता आलं नाही की ती ठणकावून सांगायची, "बूट पॉलिश!" ती हसायची आणि मी अंधारात ह्यांच्या नावाने दात-ओठ खात असायचे. मला वाटायचं, पोर ते सगळं विसरली असेल. विसरली असली तर बरंच, असंही वाटायचं.

"बाबा, बंद करा," ठिणगी म्हणाली. "बाई दहाव्यावर पोचल्या."

हे वाकले. प्लगवर हात ठेवला आणि तसेच राहिले.

"चाळीस वर्षं लोकांनी मला दिवे लावायला बोलावलं," हे म्हणाले. "घालवायला सांगणारी तू पहिली."

आणि प्लग ओढला. वर टेपही गुंडाळली, तिच्यापेक्षा नीट.

आता झाला असा अंधार, की मघाचा परवडला. वळणावरून बाई आल्या, बरोबर दोन-तीन माणसं. त्या झगमगाटातून आलेल्या, त्यांना काय दिसणार? "अरे, दिवे लावा कुणीतरी!" त्यांच्यातला एकजण खेकसला. बाई कशाला तरी अडखळल्या. आता ठिणगी पुढे होऊन सांगेल, आता सांगेल, म्हणून मी वाट बघतेय, तर ती गप्प. ते गप्प होणं माझ्या ओळखीचं होतं. पाच वर्षांची असताना ती अशीच व्हायची.

मी हात पुढे केला आणि समोरचा हात धरला. गार पडलेला, बोटात अंगठी.

"डोळे मिटा," मी म्हटलं.

"अहो, तसंही मला काही दिसत नाहीये," बाईंचा आवाज आला.

"म्हणूनच मिटा. मिटले? आता हा अंधार तुम्ही केलात. आपण केलेल्याला कोण घाबरतं?"

बाई हसल्या. मी त्यांना झुडपाशी नेलं, एक पान तोडून चुरगाळलं, नाकाशी धरलं. "ओळखा."

"लिंबू!"

"शाब्बास. आणि हे?"

"थांबा, सांगू नका हं. निलगिरी! आमच्या आजोबांना सर्दी झाली की अख्खं घर ह्या वासाने..." आणि बाई आजोबांचं सांगत बसल्या. पुढे हलायलाच तयार नाहीत. तो खेकसणारा माणूसही "मला द्या, मला" करू लागला. मागून येणारे लोक डोळे मिटूनच आत शिरत होते आणि एकमेकांवर आपटून माफी मागत होते. तोवर ठिणगीला वाचा फुटली होती. कुठलं झाड कुठे, कुठलं पान चुरगाळायचं आणि कुठलं नुसतं चोळायचं, ती भराभर सांगत सुटली.

निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी त्या जुन्या माळा काढूनच टाक बाई. कुणीतरी चुकून लावून ठेवेल."

"पुढच्या वर्षी?" ठिणगीने विचारलं.

"मग? तू नाहीस का करणार?"

लोक बाराव्या थांब्याकडे गेले. मी ठिणगीला घट्ट मिठी मारली, वॉकीटॉकी टोचेपर्यंत. मग लक्षात आलं, हे अजून कोट छातीशी धरून बाजूला उभे होते.

"हे तुम्ही दोघी कधी खेळायचात?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही लोकांचे दिवे लावायला जायचात तेव्हा." हे वाक्य मी वर्षानुवर्षं धार लावून ठेवलं होतं. आज तोंडातून बाहेर पडलं तर त्याला धारच नव्हती.

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही आलात की दिवे लागायचे, बाबा," ठिणगी म्हणाली. "मग खेळ संपायचा."

मी ह्यांचा हात शोधून धरला.

"मिटले," हे अचानक म्हणाले.

"काय मिटले?"

"डोळे. द्या मला ओळखायला."

ठिणगीने एक पान चुरगाळून ह्यांच्या नाकाशी धरलं. जळकी वायर हुंगावी तसं ह्यांनी दोनदा, तीनदा हुंगलं.

"बूट पॉलिश," हे खात्रीने म्हणाले.

साधा पुदिना होता. आम्ही दोघी हसून हसून बाकावर कोसळलो, तरी ह्यांनी डोळे उघडले नसावेत, कारण हात अजून पुढेच होता.

"हसता काय? दुसरं द्या."