उणे बत्तीसमध्ये मागच्या सीटवर

मी लॅपटॉप बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोय. कॅनडातल्या ब्रँडन गावात कोरा तोलेन्तिनो नावाच्या बाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर मी पालथा पडलोय, पाठीचे सगळे स्क्रू काढलेले आहेत, आणि माझी मालकीण लॅरिसा माझ्यादेखत सांगतेय, "ऐन वेळी दगा दिला हो ह्याने!"

मी दगा दिला! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तो मला आठवत नाही. आठवतं ते लॅरिसाच्या घरचं स्वयंपाकघर. ती नर्सिंगच्या कॉलेजात गेली म्हणून तिच्या बाबांनी, मायरननी, मला आणलं. धान्याचा ट्रक चालवणारा माणूस तो, पण मला हात लावण्याआधी त्याने हात साबणाने धुतले होते. "पोरी, जो हत्याराला जपतो त्याला हत्यार जपतं," तो म्हणाला. पोरीने मान डोलावली आणि तिसऱ्याच दिवशी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खाता खाता त्याच लोणी लागलेल्या बोटांनी माझ्यावर टाइप करायला बसली.

माझ्यात लिहिण्याचं सॉफ्टवेअर होतं, पण महिनाभर वापरून बघण्यापुरतं. महिना सरला आणि ते रुसलं. जुनं वाचू देई, नवं लिहू देईना. ह्यात रडण्यासारखं काही नव्हतं. तिचं कॉलेज आपल्या विद्यार्थ्यांना तेच सॉफ्टवेअर फुकट देतं, वर लिहिलेल्याची एक प्रत आपोआप कॉलेजकडे ठेवतं. तसं कळवणारी कॉलेजची मेल पहिल्या आठवड्यापासून न उघडता पडली होती. ते नको असेल तर कायमची मोफत अशी सरळमार्गी सॉफ्टवेअरंही आहेत. चार अहवाल नि दोन तक्ते करायला आणखी काय लागतं? पण नाही. बाईसाहेबांनी डेनिसदाजींना विचारलं. डेनिस म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, सगळ्या विषयांतला अर्धवट तज्ज्ञ.

"मेल वाचत कोण बसतं गं? माझ्याकडे सगळंच्या सगळं आहे. पाच मिनिटांत टाकतो."

"चोरीचं नाही ना दाजी?"

"चोरीचं काय म्हणतेस? उसनं म्हण!"

ह्या सद्गृहस्थाने पहिलं काम काय केलं, तर व्हायरस अडवणारा माझा राखणदार झोपवला. राखणदार जागा असता तर ते चोरटं सॉफ्टवेअर आत येऊच शकलं नसतं. मग त्याच्यामागून काय काय आत शिरलं ते माझं मलाच माहीत. मी धापा टाकू लागलो, पंखा घरघरू लागला. त्यात ही मला गोधडीवर ठेवून माझं नाक दाबणार, पडद्याला धरून एका हाताने उचलणार, आणि वर मैत्रिणीला फोनवर सांगणार, "मुळातच मठ्ठ आहे गं हा." नाचता येईना अंगण वाकडं! अपडेट करून घ्या म्हणून मी रोज विनवायचो. रोज एकच उत्तर, 'नंतर आठवण करा.' पाच महिने मी आठवण करत होतो.

तरीही मी सगळं गिळलं असतं. कारण दर आठवड्याला एक मंगळवार यायचा.

कॉलेजने प्रत्येकीला वृद्धाश्रमातल्या एकेका माणसाची जीवनकथा लिहायला सांगितली होती. लॅरिसाच्या वाट्याला कार्ल हॅल्डॉरसन आले. वय त्र्याण्णव, चाळीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केलेले. दर मंगळवारी ते बोलायचे आणि ती त्यांचे शब्द जसेच्या तसे माझ्यावर उतरवायची. हे मात्र ती जीव लावून करायची, खोटं कशाला बोलू? निघताना म्हातारा दरवेळी विचारायचा, "माझं लिहून ठेवलंस ना?"

ती माझ्यावर टिचकी मारून म्हणायची, "ह्यात आहे आजोबा. कुठे जात नाही."

अकरा पानं झाली. दुसरी प्रत कुठेच नाही. उसन्या सॉफ्टवेअरला कोणतं कॉलेज आपल्या साठ्यात जागा देतं?

जानेवारीत कार्लआजोबा गेले. त्यांची मुलगी इंग्रिड हिचा व्हँकुव्हरहून फोन आला. "शनिवारी बाबांना निरोप द्यायचाय. मला त्यांचेच शब्द वाचायचेत. तू घेऊन येशील?" लॅरिसा रडली आणि हो म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी ती वृद्धाश्रमातून घरी आली. बाहेर उणे बत्तीस अंश. ती अंगणात असतानाच बाबांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "गाडीला वायर लावलीस का?"

"लावली बाबा!"

लावली होतीच. इथे हिवाळ्यात गाडीच्या इंजिनाला रात्रभर विजेची ऊब देतात. ती वायर जोडायला कोणी विसरत नाही, अगदी डेनिससुद्धा. तेव्हा पुढे इंजिन उबेत झोपलं, आणि मागच्या सीटवर मी रात्रभर गोठत पडलो. गाडीला माया आणि मला काय? माझ्या पोटात एका गेलेल्या माणसाचा आवाज होता!

सकाळी तिने मला आत आणलं. बाहेरून आत आल्यावर चष्मा धुरकटतो, तसं माझ्या आत सगळीकडे पाणी धरलं. दोन-तीन तास मला तसंच पडू दिलं असतं तर ते वाळलं असतं, मीही वाचलो असतो. पण तिने मला हीटरच्या झरोक्यावर ठेवलं, चार्जर खुपसला आणि बटण दाबलं. चर्र झालं. जळका वास आला. तेवढंच.

"मदरबोर्ड गेला," कोरा आता सांगतेय. "थंडगार असताना चालू केलास ना?"

लॅरिसाने मान डोलावली.

"थंड गाडी अशी चालू करतेस?"

"नाही हो. पण फाईल… शनिवारी अंत्यविधी आहे. मी शब्द दिलाय."

कोराने माझी डिस्क काढली आणि आपल्या मशीनला जोडली. आठवणी काढून घेतल्यावर मी अजून कसा बोलतोय म्हणाल, तर राग डिस्कमध्ये नसतो. तो कुठल्या भागात असतो हे कोरालाही माहीत नाही.

"डिस्क जिवंत आहे बघ," कोरा म्हणाली. "पण ह्यात चोरीचं सॉफ्टवेअर दिसतंय, त्याच्या घाणीने शेवटची पानं खाल्लीत का ते बघायला हवं. मोठ्याने वाच."

लॅरिसा वाचू लागली. जन्म, शाळा, लग्न, बसेसचं गॅरेज. पान दहा. पान अकरा. सगळं होतं. शेवटच्या परिच्छेदाला तिचा वेग मंदावला.

"'चाळीस वर्षं मी नव्या ड्रायव्हरांना एकच सांगितलं. थंड यंत्राला घाई करू नका. आधी ऊब द्या, मग काम मागा. माणसाचंही तसंच असतं, पोरी.'"

हे वाक्य तिने स्वतःच्या बोटांनी माझ्यावर लिहिलं होतं. डिसेंबरात. दोनदा वाचून एक स्वल्पविरामही दुरुस्त केला होता.

ती वळली. माझ्या उघड्या पाठीवर तिने तळहात ठेवला. धुतलेला होता की नाही देव जाणे, पण गरम होता. "सॉरी रे," म्हणाली.

आता! बैल गेला नि झोपा केला.

कोराने तिला जुनाच, पण धडका असा एक लॅपटॉप दिला. कॉलेजची ती मेल तिथेच उघडायला लावली. अकरा पानांची एक प्रत कॉलेजकडे गेली, एक इंग्रिडला. मग लॅरिसाने त्या नव्याला आपल्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळलं, कोटाच्या आत पोटाशी धरलं आणि बाहेरच्या थंडीत निघाली.

मी रागावलोच आहे, आणि रागावलेलाच राहणार. उद्या कोरा माझे सुटे भाग काढील. पण वाचणाऱ्यांनो, तुमचा कुणी आत्ता गाडीत मागच्या सीटवर पडला असेल, तर उठा. त्याला आत आणा, आणि लगेच बटण दाबू नका. पोटाशी धरलेल्या त्या नव्याकडे मी दार बंद होईपर्यंत बघत होतो. मला तसं एकदाही कुणी नेलं नाही.