बाईंचा आवाज

बाईंनी खुर्ची प्लंबरच्या समोर ओढली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. उभा जन्म वर्गात बोलण्यात गेला, त्या बाईला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. पण शोकाच्या घरी जाणाऱ्या चर्चच्या सांत्वन-सेवकांना शिकवताना पाळकसाहेबांनी बजावलं होतं, उपदेश नको, वचनांचा भडिमार नको. समोरच्याचे शब्द फक्त परत म्हणायचे, म्हणजे कुणीतरी ऐकतंय हे त्याला कळतं.

प्लंबरची मुलगी आंघोळीला गेली ती परत आलीच नाही. गॅसच्या गीझरचा धूर आत कोंडला होता. "पाणी मीच लावून दिलं," एवढं एकच वाक्य त्याची बायको तेव्हापासून म्हणत होती. आत्ताही ती पडद्यापलीकडे घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

"झोप लागत नाही," प्लंबर म्हणाला.

"झोप लागत नाही."

"डोळा लागला की न्हाणीघर दिसतं."

"न्हाणीघर दिसतं."

ही कसली पोपटपंची, असं बाईंना वाटलं. पण मात्रा लागू पडत होती. इतके दिवस मूग गिळून बसलेला माणूस बोलत होता. तो पुढे वाकला, आणि त्याचा आवाज इतका खाली गेला की बाईंना कान द्यावा लागला.

"पोरीला थंडी वाजायची. म्हणून झरोका मीच बुजवला होता, पुठ्ठा लावून. लोक जमायच्या आत तो काढून टाकला. हिला माहीत नाही."

बाईंच्या तोंडातून शिकवलेलं तेवढंच बाहेर पडलं, तेही शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात.

"झरोका तुम्हीच बुजवला होता. हिला माहीत नाही."

पडद्यामागचा नळ बंद झाला.

बायको ओल्या हातांनीच बाहेर आली.

"काय म्हणालात, बाई? पुन्हा म्हणा."

बाईंनी हात जोडले. "आपण... आपण जरा प्रार्थना करू या का?"

"प्रार्थना नंतर." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही म्हणा."

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

"झरोका मी बुजवला होता," प्लंबर म्हणाला. नंतर त्यानं चेहरा हातांत लपवला आणि त्याचे खांदे हलू लागले.

बायकोनं त्याच्या खांद्याला हात लावला नाही. तिच्या बोटांवरून साबणाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. इतक्या दिवसांत कुणी तिला पाणी पी म्हटलं होतं, कुणी देवाची मर्जी म्हटलं होतं. नवरा तर तिचं ते एकच वाक्य ऐकून भिंतीकडे तोंड करून झोपत होता.

"म्हणजे मी नाही," ती बाईंना म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

बाईंना प्लंबरकडे बघवेना. पाळकसाहेबांनी यापुढचं काही शिकवलं नव्हतं.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या.