सूरच्या राणीचा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. कागदाचा. आम्हाला म्हातारं व्हायला माणसाइतकी वर्षं लागत नाहीत. ओमानच्या उकाड्यात कपाटावर पाच उन्हाळे काढले की झालं. माझ्या हनुवटीचा रंग उडालाय, एक कान दुमडलाय. बोलायचाही आता कंटाळा येतो. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती सांगतो.

सूर या ओमानच्या बंदरात लाकडी गलबतं बांधतात. तिथं मालवणकडचे दयानंद सुतारकाम करायचे. गावी शिमग्याच्या सोंगांचे मुखवटे त्यांच्याच हातचे असत. म्हणून २०१३ च्या दिवाळीला इथल्या पंधरा-वीस मराठी घरांनी नाटक बसवलं, तेव्हा राणीच्या मुखवट्याचं, म्हणजे माझं, काम त्यांच्याकडे आलं. उलट्या मडक्यावर अरबी वर्तमानपत्रांच्या पट्ट्या, त्यावर मैद्याची खळ, पुन्हा पट्ट्या. असा मी जन्मलो. रंगाशी मात्र गाडं अडलं.

“बाई बरी काय वायट, ता पयला सांगा,” दयानंद म्हणाले. “तसो रंग मारतंय.”

नाटक बसवणारे उल्हास गॅसच्या कारखान्यात इंजिनिअर. जुन्या ग्रीक शोकांतिकांच्या धर्तीवर त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं होतं. दुष्काळात राणी फर्मान काढते, की राखीव झऱ्याला हात लावील तो हद्दपार. आणि हात लावते तिचीच मुलगी. राणी फर्मान मागं घेत नाही.

“दोन्ही नाही, दयानंद,” उल्हास म्हणाले. “दुःख काय, कुणावरही कोसळतं. ही बाई ते डोळे उघडे ठेवून ओढवून घेते. न्यायानं वागते, आणि त्या न्यायाचाच तिला ताठाही आहे. चांगुलपणा कुठं संपला आणि चूक कुठं सुरू झाली, ते तिलाही सांगता येत नाही. म्हणून ती ग्रीक नायिका.”

दयानंदांनी मान डोलावली आणि माझ्या डोळ्यांखाली दोन टपोरे निळे अश्रू काढले. शोक म्हणजे रडणं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. राणी होणाऱ्या शुभदाताईंनाही ते अश्रू फार आवडले. ताई इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवायच्या, आणि त्यांची रेवा त्याच शाळेत आठवीत होती.

नाटकाला दहा दिवस उरले होते. तालमी ताईंकडेच चालत, त्यामुळे मी त्यांच्या घरात सोफ्यावर पडलेला. पेन्सिल हवी म्हणून ताईंनी रेवाची कंपासपेटी उघडली, आणि हाती लागली सहामाहीत कॉपीला नेलेली सूत्रांची चिमुकली चिठ्ठी. पेपर होऊन गेला होता. कुणाला काही पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी ताईंनी ती चिठ्ठी स्वतः मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. रेवाला गणितात शून्य मिळालं आणि हाउस कॅप्टनचा बिल्लाही गेला.

“नोबडी न्यू, आई!” रेवा ओरडली. “तुला फक्त तुझं नाव पायजे. ऑनेस्ट टीचर!”

त्यानंतर ती आईशी बोलेनाशी झाली.

ताई मला घेऊन गलबतांच्या आवारात गेल्या. “अश्रू काढून टाका,” त्या दयानंदांना म्हणाल्या. “राणी सगळ्यांसमोर रडली, तर तिचं फर्मान कोण मानेल?” मग म्हणाल्या, “मी हे पोरीसाठी केलं की माझ्या नावासाठी, माझं मलाच कळत नाही हो.”

दयानंद पॉलिश पेपर घेऊन अश्रू घासत राहिले.

नाटक छान झालं. फर्मान वाचताना ताईंचा आवाज एकदाही कापला नाही. रेवा तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. टाळ्या पडल्या, माझे फोटो निघाले, आणि कुणीतरी म्हणालं, “काय कठोर बाई!” आतलं मला एकट्याला ठाऊक होतं.

मग मी ताईंच्या कपाटावर गेलो. दोन दिवाळ्या लोकांनी माझी आठवण काढली, नंतर कुणी नाही. खाली मायलेकींचं बोलणं सुरू झालं खरं, पण ‘डबा घेतलास का’ आणि ‘हो’ याच्या पुढं ते फारसं गेलं नाही. ऐकून ऐकून मी थकलो.

२०१८ मध्ये रेवा कॉलेजसाठी पुण्याला निघाली. तिनं कपाटावरची बॅग ओढली, तसा मी खाली पडलो, तो पालथा. तिनं मला उचललं आणि माझी आतली बाजू पाहिली. मैद्याची खळ पाण्यानं नरम पडते, मित्रांनो. दोन्ही डोळ्यांखाली, थेट हनुवटीपर्यंत, कागद भिजून सोललेल्या दोन रेघा होत्या.

“आई, हे आतून कशानं झालं?”

“घामानं गं. सूरचा उकाडा तुला माहितीये ना.”

रेवा त्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. “नाटकाच्या दिवशी हॉलमध्ये एसी होता, आई. फुल. मला थंडी वाजली, म्हणून तू शाल पाठवली होतीस.”

ताई बॅगेची चेन लावत होत्या. ती काही केल्या लागेना. रेवा खाली बसली आणि तिनं आईचे दोन्ही हात धरले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी कागद आहे, आज ना उद्या जाणारच. पण घरातला एखादा चेहरा कोरडा दिसला, तर त्याला कठोर म्हणायच्या आधी जरा जवळ जा. रेवाला पाच वर्षं लागली. तुम्ही इतकी लावू नका.