आठ, नऊ की दहा

मागच्या वर्षीच्या पत्राला रेनोने उत्तर दिलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीच्यालाही नाही. चर्चच्या तळघरातल्या गावजेवणात, लांब टेबलापाशी, समोर घेवड्याच्या उसळीची ताटली वाफाळत असताना त्याला ती पत्रं एकदम आठवली. कारण बर्नडेट त्या पत्रांबद्दलच बोलत होती, आणि ऐकत होते त्याचे वडील, ओनेझिम.

"तुला बरं चार वाजता सोडतात साहेब?" म्हाताऱ्या ओनेझिमनी तिला विचारलं होतं.

बर्नडेट आणि रेनो एकाच ठाण्यावरचे सीमारक्षक. नदीच्या अलीकडे अमेरिकेचं मेन राज्य, पलीकडे कॅनडा, आणि दोन्ही काठांना एकाच आडनावाची माणसं. इथे रात्री-अपरात्री नदी ओलांडतात ती बहुधा हरणं, नाहीतर मूस नावाची थोराड सांबरं.

"सोडतंय कोण, ओनेझिमकाका? मीच मागून घेतलं," कॉफी ओतता ओतता ती म्हणाली. "नोव्हेंबरात आम्हाला पत्र येतं ना. पुढल्या वर्षी रोज किती तास करणार, आठ, नऊ की दहा? दहा केले तर पगारावर चौथाई जादा भत्ता, नऊ केले तर त्याच्या निम्मा. मी लिहिलं आठ. भत्ता नको, संध्याकाळ द्या."

"आणि कुणी काहीच नाही लिहिलं तर?"

"तर दहा. गप्प बसला त्याला जास्त काम हवंय, असं धरतात."

"सरकारला माणसं बरी कळतात," ओनेझिम म्हणाले, आणि उसळ खाऊ लागले. रेनोकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रेनोने ताटली बाजूला सारली.

गोष्ट तशी पत्त्यांची होती. या खोऱ्यात 'शार्लमेन' नावाचा पत्त्यांचा डाव खेळतात. तो चौघांचा, तिघांत जमत नाही. ओनेझिमच्या टेबलावर तीस-एक वर्षं तेच चौघे बसत आले होते. वसंतात नदीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात त्यांच्यातला अल्सीड वारला आणि ओनेझिम, लेओ, फेर्नां असे तिघे उरले. तरी ते रोज साडेचारला येत, पत्ते पिसत, थोडं भांडत, पत्ते परत डबीत ठेवत. परक्याला बसवायला तयार नव्हते. उन्हाळ्यात एकदा ओनेझिमनी रेनोला विचारलं होतं, "तू बसतोस का चौथा?" रेनो म्हणाला होता, "सहा वाजतात, पापा, सुटायला. वरूनच तसं ठरतं."

ते खोटं होतं असंही म्हणवत नाही. रेनो बटाट्याच्या शेतात वाढला होता. तिथे पाठ दुखते म्हणून पोर लवकर घरी निघालं, तर पुढची दहा वर्षं लोक त्याला त्यावरून चिडवत. कमी काम मागायचं, तेही लेखी, सही करून, हे त्याच्या हातून होईना. पत्र तो दोनदा वाचायचा, घडी घालायचा, आणि फ्रीजवर ठेवून द्यायचा. डिसेंबर उजाडला की प्रश्न आपोआप मिटायचा.

यंदाचंही तिथेच होतं. रविवारी सकाळी ओनेझिम न सांगता आले, टोपी न काढता सरळ फ्रीजपाशी गेले, आणि हात वर करून पत्र खाली घेतलं.

"पापा, तुम्हाला कसं कळलं कुठे आहे ते?"

"तुझी आईसुद्धा नको असलेली पत्रं फ्रीजवरच ठेवायची. बस."

रेनोची बायको जर्मेन तव्यावर कुट्टूच्या पिठाची प्लॉय घालत होती. एकाच बाजूने भाजायची, घावनासारखी जाळी पडली की उचलायची. तिने सासऱ्यांच्या पुढ्यात तीन ठेवली, वर मेपलचा पाक.

"दहा तास करून काय करतोस रे तू तिथे?" ओनेझिमनी विचारलं. "खरं सांग."

"नदी बघतो."

"शेवटचे दोन तास?"

"तीच नदी. अंधारात."

जर्मेन खो खो हसली. "आणि घरी येऊन मला सांगतात, आज एक मूस दिसला. तोच मूस असतो हो पापा! मी आता त्याचं नाव ठेवायचं म्हणतेय."

"हसू नकोस. भत्ता जाईल," रेनो म्हणाला. "छपराचं काय?"

"छप्पर गळतं ते माझ्या शिवणयंत्रावर. यंत्र मी सरकवीन. तुम्हाला मात्र कुणी सरकवायचं?"

रेनोने पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. ठाण्यावर काय म्हणतील? रेनो थिबोडो थकला म्हणतील. चव्वेचाळिसाव्या वर्षी थकला.

ओनेझिमनी ते पाहिलं असावं. प्लॉयची गुंडाळी करत, ताटलीकडेच बघत ते म्हणाले, "नऊ लिही. पाचला सुटशील. आम्ही साडेपाचला बसू."

"साडेपाचला लेओकाका झोपतात की."

"त्याला कॉफी पाजू."

"आणि फेर्नांकाकांना अंधारात गाडी चालवता येत नाही."

"मी आणीन त्याला."

"तुम्हाला तरी कुठे येते?"

म्हाताऱ्याने गुंडाळी ताटलीत परत ठेवली. आयुष्यात त्यांनी कुणासाठी डावाची वेळ बदलली नव्हती. अल्सीडच्या लग्नादिवशीसुद्धा नाही. आज बदलायला निघाले होते, आणि तेही जमत नव्हतं. रेनोने आठच्या चौकोनात खूण केली. इतकी जोराने, की कागद जरासा फाटला.

"फाडलंस," ओनेझिम म्हणाले. "आता बदलता यायचं नाही. बरं झालं."

सोमवारी दोघे मिळून पोस्टात गेले. शिकारीचे दिवस, चुकून गोळी लागू नये म्हणून ओनेझिमनी नारिंगी जाकीट घातलं होतं, आणि पोस्टातली बाई म्हणाली, "काका, पत्राची शिकार का?" त्यांनी टोपी काढून काखेत धरली. रेनोने पाकीट पत्रपेटीच्या फटीत सरकवलं, जरा धरून ठेवलं, मग सोडलं.

ओनेझिमनी वाकून फटीला कान लावला.

"पडलं," ते म्हणाले, आणि टोपी घातली.