पावणेदोन तासांवरचा मुलगा

"तुला यायला किती वेळ लागेल?" ताईनं फोनवर विचारलं.

"पावणेदोन तास," मी म्हणालो आणि फोन खांद्याशी दाबून समोरच्या गिऱ्हाइकाचं तिकीट छापायला लावलं.

बाबांचं आतडं फुटलं होतं. डॉक्टर त्यांना ताबडतोब ऑपरेशनला न्यायला बघत होते आणि बाबा अडून बसले होते. आधी धाकट्याला बघतो, मग काय कापायचं ते कापा!

विमानाच्या तिकिटांच्या दुकानात मी बावीस वर्षं काढली. आमच्या धंद्यात फक्त हवेतला वेळ सांगतात. घरापासून घरापर्यंत किती, हे कुणी विचारलं तरी विषय बदलायचा. माझ्या इथल्या आणि बाबांच्या तिकडच्या विमानतळामध्ये नऊशे किलोमीटर, म्हणजे पावणेदोन तास. आई रडायला लागली की मी तिलाही हेच ऐकवायचो, "लांब कुठं आहे? पावणेदोन तासांवर तर आहे." ती गेल्यावर बाबांना ऐकवायला लागलो. जायचो मात्र दोन-तीन वर्षांतून एकदा.

टॅक्सीत बसलो तेव्हा अकरा वाजले होते आणि तिथं माझं डोकं ठिकाणावर आलं. विमान दीडला. उतरणार सव्वातीनला. पुढं हॉस्पिटल दीड तास. ताईला फोन लावला.

"बाबांना आत्ताच्या आत्ता ने. मला पाच वाजतील."

"माझं ऐकतात का ते! घे, तूच बोल."

"बाबा, माझं चुकलं. पाच वाजतील. तुम्ही व्हा पुढं."

"डॉक्टरांनी पढवलं वाटतं तुला?" आवाज बारीक झाला होता, पण हेका तोच, तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचा. "बावीस वर्षं पावणेदोन तास सांगतोयस. आजच कसे वाढले? ये तू. मी बसलोय."

विमानतळावर मी खुर्चीला टेकलो नाही. येरझाऱ्या घातल्या, रांगेतल्या एका बाईंवर विनाकारण खेकसलो. विमान अर्धा तास उशिरा सुटलं. वर गेल्यावर शेजारचा माणूस हसून म्हणाला, "काय पटकन पोचतो, नाही?" त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. खरं तर ती माझ्याच मुस्काटात बसायला हवी होती.

उतरलो तर ताईचा एकही फोन नव्हता. म्हणजे सगळं ठीक असणार, असं स्वतःला बजावत राहिलो. दर सिग्नलला "चला ना हो" म्हणून टॅक्सीवाल्याला भंडावून सोडलं.

पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. ताई बाकावर बसली होती. मला बघून ती उठली नाही.

"एक वाजेपर्यंत दाराकडे तोंड करून बसले होते," ती म्हणाली. "मग आपणच म्हणाले, चला. पण फार उशीर झाला होता रे. चार वाजता गेले."

"मला फोन का नाही केलास?"

"त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, वाटेवर असलेल्या माणसाला फोन करायचा नाही, त्याची घाई होते. सावकाश येऊ दे त्याला."

तिच्याजवळ बाबांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. मी येणार म्हणून सकाळी त्यांनी हट्टानं तो अंगात चढवला होता. आत नेताना काढून तिच्याकडे दिला आणि चुरगळू नको म्हणाले, पोरगा आला की परत घालायचाय. ताईनं तो दोन्ही हातांवर अलगद धरला होता.